नांदेडातलं समुद्राचं ऑफिस

बंधाऱ्याच्या गेटापाशी गाळ साचतो तो काही कुणी आणून टाकत नाही, आपोआप साचतो. काही ऑफिसांत किस्से तसे साचतात. आमचं ऑफिस त्यातलंच. झेरॉक्सच्या दुकानावरच्या तीन खोल्या, एक म्हातारी जीप आणि आम्ही. चहाच्या गाड्यावर बसलो की कुणीतरी म्हणतंच, "सुमन, तो केळीवाला सांग ना!" मग मी सांगते. सगळे हसतात, मीही हसते. फक्त आमच्या किश्श्यांना एक खोड आहे. सांगून झालं की मला वर बघवत नाही.

आधी माणसं सांगते. सर म्हणजे आमच्या संस्थेचे प्रमुख, भूगोलाचे रिटायर्ड प्राध्यापक. रशीदभाई ड्रायव्हर, आणि ड्रायव्हिंग सोडून उरलेलं सगळंही तेच करतात. मी बिलोलीची. आमच्याकडं दोन शेतं ओलांडली की तेलुगू सुरू होतं, त्यामुळं मला दोन्ही भाषा येतात. नोकरी त्यावरच लागली. काम काय, तर गोदावरी नांदेडहून तेलंगणात जाते, तिथून आंध्रात, आणि मग समुद्रात. तो समुद्र वाचवायचा. नांदेडात बसून!

* * *

आमच्या बोर्डावर 'समुद्र' हा शब्द निळ्या रंगात चांगला हातभर मोठा आहे. तो वाचून अर्धापूरकडचे एक गृहस्थ एकदा केळीचा अख्खा घड खांद्यावर घेऊन जिना चढून आले. घड टेबलावर ठेवला, टोपी काढून घाम पुसला.

"घ्या साहेब, घरच्या बागेतली हायत. आधी खा, मंग बोलू."

माणूस इतक्या प्रेमानं म्हणतोय म्हटल्यावर आम्ही खाल्ली. केळी काय होती! मग ते म्हणाले, "पोरगं बारावी झालंय. पवायला लई हुशार हाय. तेवढं नेव्हीत चिकटवा."

सरांनी समजावून सांगितलं. आमचं काम कचऱ्याचं आहे, नदीचं आहे, नेव्हीचा काही संबंध नाही. गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हंजे तुमच्याकडं जहाज न्हाई?"

"नाही."

"समुद्र?"

"तोही इथं नाही."

"मंग बोर्डावर कामून लिहिलंय?"

सरांनी माझ्याकडं बघितलं, मी रशीदभाईंकडं बघितलं. बोलण्यात आमच्यापेक्षा तेच तयार. पण त्यांना बोलताच येईना, तोंडात तिसरं केळ होतं!

* * *

संस्थेला मदत करणाऱ्या एक मॅडम होत्या, दिल्लीच्या. त्यांच्याबरोबर लॅपटॉपवर मीटिंग असायची. सर इस्त्रीचा शर्ट घालून, केस बसवून कॅमेऱ्यासमोर बसायचे. एकदा मॅडमनी सहज विचारलं, "सर, आप समुंदर पर आखिरी बार कब गए थे?"

आता खरी गोष्ट अशी की आमच्या ऑफिसात कुणीच समुद्र बघितलेला नव्हता. सरसुद्धा! सगळी नोकरी भरती-ओहोटी शिकवण्यात गेली, फळ्यावर लाटा काढण्यात गेली, पण जायचं काही जमलं नाही. आधी बहिणींची लग्नं, मग घर, मग आईचं आजारपण.

सर काही बोलेनात. बघते तर डोळे उघडे, तोंड अर्धं उघडं, हात हवेत! मला वाटलं, बीपी वाढलं. मग ध्यानात आलं. नेटवर्क गेल्याचं सोंग चाललं होतं! इतके स्थिर बसले होते की पापणीसुद्धा हलत नव्हती. मीही श्वास धरला.

तिकडून मॅडमचा आवाज आला, फार मऊ. "सर, आपके पीछे कॅलेंडर हिल रहा है."

पंखा चालू होता.

* * *

आता योजना काय होती ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. समुद्र सगळ्यांचा, त्यामुळं त्याच्या सफाईचा खर्च कुणाच्याच नावावर नाही. कायदे होतात, नोटिसा निघतात, कचरा येतच राहतो. नदीच्या मुखाजवळच्या एका मच्छीमार सोसायटीनं मग वेगळंच काढलं. सोसायटी, बोटीवाले, बर्फाचा कारखाना, मासळीचे व्यापारी, सगळ्यांनी मिळून एक निधी उभा केला. त्यातून पैसे द्यायचे कुणाला? तर वरच्या गावांना. म्हणजे आम्हाला! आम्ही नाल्याच्या तोंडाला जाळं लावायचं, अडकलेलं प्लास्टिक काढायचं, तोलायचं. जेवढं वजन तेवढे पैसे. काम दिसलं तर मोबदला, भाषणाला काही नाही.

पहिली बैठक नाल्याकाठच्या वस्तीत, मारुतीच्या पारावर झाली. एक आजोबा म्हणाले, "मधी धरणं हायत. आपली पिशवी कशाला जातीय समुद्रापर्यंत?"

सर म्हणाले, "पूर आला की गेटं उघडतात, आजोबा."

तिथं पारूबाई म्हणून एक होत्या, पिठाची गिरणी चालवायच्या. केसांवर पीठ तसंच. त्यांनी विचारलं, "म्हंजी ते मासे धरणारे लोक आमाला पैसे देणार? आमी घाण करू न्हाई म्हणून?"

"हाव."

"लई श्रीमंत हायत का ते?"

"न्हाई हो, आपल्यासारखेच हायत," मी म्हटलं.

पारूबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि खाली बघायला लागल्या. सरांना वाटलं, जमलं! तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "सर, वजनावर पैसे हायत तर कचरा कमी कामून करायचा? वाढवू की!"

सगळा पार हसला. आम्हीही टाळ्या देऊन हसलो. तो विनोद नव्हता हे आम्हाला पुढं कळलं.

* * *

पहिले काही आठवडे काट्यावर बेताचं वजन यायचं. मग एका सोमवारी एकदम चौपट! सर इतके खूश, त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले. रशीदभाई मात्र ढिगाभोवती फिरत होते. त्यांनी पायानं काहीतरी सरकवलं आणि हाक मारली, "सर, जरा इधर आओ."

ढिगातून एक फ्लेक्सचं बॅनर बाहेर आलं होतं. त्यावर एका कोचिंग क्लासची जाहिरात, गुणवंत पोरापोरींचे हसरे फोटो, आणि खाली ठळक अक्षरात पत्ता. लातूरचा!

वस्तीतला जो गडी जाळ्याचं काम बघायचा त्याला सरांनी विचारलं, "हे लातूरचं बॅनर नांदेडच्या नाल्यात कसं आलं?"

"वाहून आलं, सर."

"लातूर मांजरा नदीच्या बाजूला आहे. मांजरा खाली जाऊन गोदावरीला मिळते. तिथलं पाणी इकडं येत नाही."

गड्यानं क्षणभर विचार केला. "उलटं वाहून आलं, सर!"

वजन वाढवायला लातूरहून कचरा टेंपोत भरून आणला होता, आणि टेंपोवाल्याचं नावही त्यानं लगेच सांगून टाकलं, बिचारा. आम्ही पेढे खात उभे. सर म्हणाले, "सुमन, त्यांना फोन लाव. लपवायचं नाही."

त्या म्हणजे सत्यवतम्मा, सोसायटीच्या अध्यक्षा. तोवर मी त्यांना फक्त आवाजानं ओळखत होते, आणि तो आवाज फोन कानापासून लांब धरावा असा होता. मी तेलुगूत सगळं सांगितलं. टेंपो, बॅनर, सगळं.

मग त्यांनी विचारलं, "ती लातूरची नदी कुठं जाते?"

"पुढं जाऊन गोदावरीलाच मिळते, अम्मा."

"मग ते पण आमच्याकडंच यायचं होतं की! देऊन टाका पैसे."

मी हे सरांना मराठीत सांगितलं. सरांनी हातातला अर्धा पेढा पुन्हा पुड्यात ठेवला.

* * *

पुढं सत्यवतम्मा स्वतःच नांदेडला आल्या. काम बघायला. ठेंगणी, दणकट बाई, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, आणि स्टेशनावर उतरताच हमालाशी भांडण! "एवढ्याशा पेटीचे इतके?" मला वाटलं होतं कुणी साधुसंत बाई येणार. या तर बाजारात चादरींच्या दुकानात असा भाव करत बसल्या, की दुकानदारानं शेवटी मला विचारलं, "ताई, यांना गावाला जायची गाडी कधी हाय?"

सरांनी सत्काराचा कार्यक्रम ठेवला. मनापासून ठेवला हो, त्यात काही खोट नव्हती. पण झालं काय, फुलांचा गुच्छ आला तो प्लास्टिकच्या चकचकीत कागदात. शाल आली ती पिशवीत. सन्मानचिन्ह आलं ते फुगे फुगे असलेल्या प्लास्टिकात. टेबलावर पाण्याच्या बाटल्यांची रांग, नाश्त्याच्या डिशा थर्माकोलच्या. मागं बॅनर, 'प्लास्टिकमुक्त गोदावरी', तेही फ्लेक्सचं!

सत्यवतम्मांनी गुच्छाचा कागद सोडवला, नीट घडी घातली आणि आपल्या पिशवीत ठेवला. शालीची पिशवी काढली, घडी घातली, ठेवली. सन्मानचिन्हाचंही तेच. हॉल भरलेला, सगळे बघतायत.

सर हळूच म्हणाले, "सुमन, विचार ना, त्याचं काय करणार म्हणून."

मी विचारलं. त्या मोठ्यानं उत्तर देऊन मोकळ्या झाल्या आणि शे-दीडशे माणसं माझ्या तोंडाकडं बघायला लागली. काय करणार? सांगितलं.

"त्या म्हणतात, घरी नेते. नाहीतरी तिकडंच यायचंय. पाण्यातून कशाला, मीच रेल्वेनं नेते!"

मागच्या रांगांत टाळ्या वाजल्या. त्यांना वाटलं, बाईंनी आभार मानले.

* * *

त्याच दिवशी जेवण रशीदभाईंच्या घरी होतं. भाभींनी पाहुणीसाठी नदीचा मासा नको म्हणून बाजारातून खास समुद्राचा आणला होता, बर्फातला. घरात मसाल्याचा असा वास सुटला होता की शेजारचे डोकावून जात होते. सत्यवतम्मांनी घास घेतला, चावला, आणि विचारलं, "हा मासा कुठून येतो?"

रशीदभाई अभिमानानं म्हणाले, "आंध्रा से, अम्मा! स्पेशल गाडी आती."

मी भाषांतर केलं. त्या ताटातल्या माशाकडं बघून म्हणाल्या, "बिचारा. माझ्याआधी निघाला असेल घरून!"

आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला.

* * *

मग आमची पाळी आली. त्यांनी आम्हाला तिकडं बोलावलं. रशीदभाई, सर, मी, आणि काकू, म्हणजे सरांच्या पत्नी. काकू कधी ऑफिसात आलेल्या नाहीत, पण समुद्र म्हटल्यावर म्हणाल्या, "मी येणार म्हंजे येणार." तेवढा लांब रस्ता त्या जीपमध्ये, म्हणजे पाठीचं काय झालं ते विचारू नका.

शेवटचं वळण घेतलं आणि समुद्र दिसला. रशीदभाईंनी गाडी थांबवली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. सत्यवतम्मा तिथंच आमची वाट बघत उभ्या होत्या. सर उतरले. वाळूवर थोडं चालले आणि मागं वळून सत्यवतम्मांना त्यांनी मराठीतच विचारलं, "चपला काढू का?" देवळात विचारावं तसं. मी भाषांतर करायच्या आधीच सरांनी त्या काढल्या होत्या.

घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले. वाकून ओंजळ भरली, जिभेला लावली. बराच वेळ पाठमोरे होते. मग आमच्याकडं वळले.

"खारट आहे गं, सुमन. खरंच खारट आहे."

डोळे भरलेले. म्हणाले, "बरं झालं. पोरांना खोटं नाही शिकवलं."

हा किस्सा मी चहाच्या गाड्यावर सांगत नाही.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू लवकर उठल्या. निघताना कॉलनीतल्या बायकांनी त्यांच्याकडं निर्माल्य दिलं होतं. "समुद्राला जाताय तर आमचंही सोडा, तेवढंच पुण्य." आपण पुलावरून टाकतो तसंच काकूंनी केलं. हात जोडले, डोळे मिटले, आणि एकेक गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी लाटेत सोडली. पाय घसरू नये म्हणून सरांनी त्यांचं कोपर धरलं होतं.

आम्ही सत्यवतम्मांच्या अंगणात चहा पीत बसलो होतो तेव्हा बोटी परत आल्या. सत्यवतम्मा मासळीची टोपली घेऊन आल्या आणि त्यातून एकेक पिशवी काढून ओट्यावर ठेवली. गाठी तशाच, आत झेंडूची फुलं तशीच, वर एक बारीक खेकडा.

"जाळ्यात आलं. तुमचं सामान राहिलं होतं वाटतं."

काकूंनी गालाला हात लावला. "अगं बाई! देवानं परत पाठवलं!"

एरवी सर काकूंवर बारीकसारीक गोष्टीवरून ओरडतात. त्या दिवशी ओरडले नाहीत. कुठल्या तोंडानं ओरडणार? कोपर धरून तेच तर उभे होते!

* * *

आता शेवटचा. निघायच्या दिवशी सत्यवतम्मा आम्हाला हमरस्त्यापर्यंत सोडायला जीपमध्ये बसल्या. बसतानाच माझ्यामार्फत रशीदभाईंना बजावलं, बांधावरच्या रस्त्यानंच घ्या. मी विचारलं, जवळचा रस्ता नाही का? त्या म्हणाल्या, "आहे. तो खराब आहे."

बांधावर बर्फाची गाडी आडवी अडकली होती. मागं-पुढं होईना. रशीदभाईंनी गाडी वळवली आणि गावाच्या मागून जाणारा रस्ता धरला. सत्यवतम्मा "नको, नको" म्हणत होत्या, पण तेलुगूत, आणि रशीदभाई आरशात बघत होते. मी सांगेपर्यंत जीप पुढं गेलीच.

आधी वास आला. मग दिसलं. कोळंबीची तळी होती, ओळीनं. त्यांतून एक जाड पाइप निघून खाडीत सोडलेला, आणि त्यातून काळं पाणी धो धो पडत होतं. शेजारी गावाचा कचरा. फाटकी जाळी, थर्माकोलच्या पेट्या, पिशव्या, औषधांचे डबे, सगळं अर्धं पाण्यात. तळ्याच्या काठावर बाजेवर एक माणूस बसला होता. जीप बघून त्यानं हात वर केला आणि सत्यवतम्मांना नावानं हाक मारली. त्यांचा थोरला भाऊ होता. तळी त्याची होती.

सत्यवतम्मांनी पदर पुढं ओढला, तोंडापर्यंत. हमालाशी भांडणारी बाई ती, हॉलभर माणसांसमोर न लाजणारी, आणि आता पदराच्या आत.

आणि एक सांगते. त्या बॅनरपासून सर माझ्या डोळ्यांदेखत वाकत गेले होते, लातूरनं वाकले, सत्कारानं वाकले, निर्माल्यानं वाकले. त्या पाइपासमोर ते सीटवर ताठ बसले. मला कसं कळलं? मीही ताठ बसले होते. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. काकूंनी तर मला कोपरखळी मारली, "बघ, हे पण तसलेच!"

सरांनी खिशातून फोन काढला, काच खाली केली आणि पाइपाचा फोटो घ्यायला हात बाहेर काढला.

रशीदभाईंनी गाडी बंद केली. मागं न बघता म्हणाले, "सर, फोन अंदर रखो. मेहमान हैं अपुन."

सरांचा हात तसाच खिडकीबाहेर राहिला. मग हळूहळू आत आला.

तेव्हा सत्यवतम्मांनी पदर थोडा बाजूला केला. भावाकडं बघितलं नाही, आमच्याकडंही नाही. पाइपाच्या पलीकडं, जिथं ते काळं पाणी निळ्यात मिसळत होतं आणि पुढं नुसता समुद्रच समुद्र होता, तिकडं बघत त्या काहीतरी म्हणाल्या. हळू. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"काय म्हणाल्या?" सरांनी विचारलं.

तेलुगू मला मराठीइतकंच येतं. तरी तेवढं सांगायला मला वेळ लागला.

"त्या म्हणतात, घाण करू नका म्हणून आम्ही तुम्हाला पैसे दिले. आमच्या खाली कोण राहतं? आम्हाला कोण देणार?"